ओल्या तळव्याचा बूट

मी एक जुना बूट आहे. डावा. उजवा शेजारीच पडलाय, पण तो बोलत नाही. म्हणून दोघांचं मीच सांगतो.

मित्रांनो, मी डोंगर चढायचा बूट नाही. मी पाण्यात उतरायचा. माझ्या तळव्याला रबर नाही, लोकरीसारखं जाड फेल्ट आहे. शेवाळलेल्या दगडावर रबर घसरतं, मी घसरत नाही. एवढंच मला येतं, पण ते भारी येतं.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या एका दुकानातून मला अनुराधाने आणलं. ती मूळची पुण्याची, हॉस्पिटलात नर्स. वॉर्डातल्या कुणीतरी तिला ट्राउट मासे पकडायला शिकवलं आणि मग ती सुटलीच. नवरा रवींद्र, आयटीवाला. त्याला मासे कळत नाहीत. तो डबा उचलतो आणि बडबडतो.

हॉर्नबीतल्या त्यांच्या घरात अनुराधाचा एक नियम होता. चपला-बूट दाराबाहेर. पाहुणा असो, प्लंबर असो, "शूज आउट, प्लीज." मीही बाहेरच. मासे धरायची काठी मात्र आत, हीटरशेजारी. जाळं, दोरी, सगळं आत. दसऱ्याला काठीला हळदकुंकू आणि बागेत जे फुललं असेल ते फूल. मी दाराच्या काचेतून बघायचो. अरे, नदीत बाईला उभं कोण ठेवतं? काठी? डोकंच सटकायचं माझं.

पोर्चमध्ये ऊन यायचं नाही. वरून मी कोरडा दिसायचो. तळवा कधीच पुरता वाळला नाही. कुणी उलटा करून बघितलंच नाही.

मग २००७ साली रवींद्रला ऑकलंडमध्ये नोकरी लागली. पुढच्या आठवड्यात सामान जाणार होतं. अनुराधाचं एक तळं राहिलं होतं. डोंगरात, झाडं संपतात त्याच्याही वर. तिथल्या ट्राउटबद्दल ती कधीपासून ऐकत होती.

"आत्ता नाही गेले तर गेलंच ते," ती म्हणाली.

गेले दोघं. मी सॅकला उलटा लटकून. अर्धा दिवस नुसतं आभाळ बघितलं.

तळं आलं. पाणी इतकं नितळ की तळातला खडा न् खडा दिसत होता. काठाजवळून एक ट्राउट सावकाश फिरत होती, स्वतःच्या अंगणात फिरल्यासारखी.

"रवी, बूट दे. लवकर. आणि हलू नकोस."

"न हलता कसा देऊ?"

त्याने मला सोडवलं. सोडवताना त्याचा अंगठा तळव्यात रुतला आणि पाणी आलं.

"अनु, हा ओला आहे."

"दव असेल."

"आतून ओला आहे. गेल्या शनिवारी कुठल्या नदीत उतरली होतीस?"

तिने स्वतः माझा तळवा दाबून बघितला. त्या नदीवर पाटी होती. तिथे डिडिमो नावाचं शेवाळ पसरलेलं. इथले लोक त्याला रॉक स्नॉट म्हणतात, म्हणजे दगडाचा शेंबूड. ते थेंबभर ओलीतून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतं. मग दगड झाकून टाकतं आणि परत काही निघत नाही. म्हणून सगळं धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मगच दुसऱ्या पाण्यात उतरायचं. बाकी सगळं तिने वाळवलं होतं. मी तेवढा बाहेर.

"काठावरूनच टाक ना दोरी," रवींद्र म्हणाला.

"मागे कडा आहे, दिसत नाही का? दोरी मागे झोकायला जागा कुठंय?"

"मग घाल बूट. इथे कोण बघतंय?"

"तू जरा गप्प बसशील?"

तिने माशाकडे बघितलं. मग माझ्याकडे. खरं सांगतो, मला उतरायचं होतं. तळ्याचं काय व्हायचं ते होवो.

तिने पायातले चालायचे बूट काढले, मोजे काढले, आणि मला त्यांच्या शेजारी नीट ठेवलं.

"देवळात चाललीस का?" रवींद्र म्हणाला.

"हो. चपला सांभाळ."

पाणी बर्फाचं. ती किंचाळली, पण थांबली नाही. दोरी फेकली. ट्राउटने गळ घेतला, काठी वाकली, आणि त्याच वेळी अनुराधाचा अनवाणी पाय घसरला. ती धपकन पाण्यात बसली. दोरी सैल. मासा गेला.

रवींद्र हसून हसून गवतात आडवा झाला.

"हसू नकोस! पायात तो बूट असता ना, तर मासा गेला नसता!"

इतक्या वर्षांतलं माझं एकमेव कौतुक. तेही मी काठावर बसलेलो असताना.

घरी आल्यावर तिने मला साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवलं. मग पहिल्यांदाच आत नेलं. गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, उशांच्या अभ्र्यांशेजारी.

"शूज आउट, प्लीज," रवींद्र म्हणाला.

"तू आउट."

पुढच्या वर्षी सरकारी नियम आला, फेल्ट ओल धरून ठेवतं म्हणून फेल्टचे तळवे बंद. आता मी ऑकलंडमध्ये, न्यू लिनच्या गॅरेजमध्ये असतो. तिचे नवे बूट रबराचे. ते घरात वाळतात. त्यात ती घसरते म्हणे. बरं वाटतं.

ते तळं अजून तसंच नितळ आहे, असं परवा ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी त्यात कधी उतरलो नाही. उतरणारही नाही.

मित्रांनो, तुमच्याही दाराबाहेर काहीतरी पडलेलं असेल. ते एकदा उलटं करा आणि अंगठा दाबून बघा. पाणी आलं, तर आत घ्या.