तक्रारदाराने स्वतः हजर राहावे

गावचे फौजदार फार कडक होते. मिशा, कॉलर आणि स्वभाव या तिन्हींना त्यांनी एकच इस्त्री फिरवली असावी. त्यांच्या खोलीत येणाऱ्याने उभं राहायचं, घाम पुसायचा आणि शक्यतो आल्या पावली परत जायचं. त्यासाठी त्यांनी एक नियमच काढला होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच तक्रार द्यायला यायचं. बापासाठी मुलगा, शेजाऱ्यासाठी शेजारी, असली वकिली चालणार नाही. दारावर तशी पाटीच होती. या नियमामुळे गावातले गुन्हे झपाट्याने घटले. पाय मोडलेल्यांना ठाण्याच्या पायऱ्या चढता येत नसत, आणि फौजदारांना वरून शाबासकी येत असे.

अशा ठाण्यात एका दुपारी लंब्याची बहीण आली. लंब्या रंगाच्या कारखान्यात कापड बुडवायच्या कामावर होता आणि काही दिवस घरी आला नव्हता. बहिणीचं म्हणणं सरळ होतं. काम भराभर उरकावं म्हणून मालकाने हौदावरची जाळी काढून टाकली होती, भाऊ निळ्या रंगात पडला, आणि आता मालक हौदावर झाकण घालून बसला आहे, तो उपसू देत नाही. तेवढा उपसायला लावा, म्हणजे भावाला घरी नेता येईल.

कारखान्याचा मालक फौजदारांचा साडू होता. त्यामुळे तपासाची गरज उरली नाही.

‘‘पळून गेला असेल,’’ फौजदार म्हणाले. ‘‘आणि अन्याय कोणावर झाला म्हणतेस? त्याच्यावर ना? मग त्याला पाठव.’’

‘‘त्याला?’’

‘‘पाटी वाच.’’

तिने वाचली. आई गेल्यापासून या भावाला तिनेच वाढवलं होतं, आणि तो उठायचा तो फक्त तिच्या हाकेने. ती तडक कारखान्यात गेली आणि हौदाच्या कठड्याशी उभी राहून रोज सकाळच्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाली, ‘‘ए लंब्या, ऊठ. साहेबांनी बोलावलंय.’’

मालकाने तिला रखवालदाराकरवी बाहेर काढलं आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं साडूला फोनवर कळवलं. दोघे मनसोक्त हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लंब्या ठाण्यात आला. पुढच्या दाराने, पाटीखालून वाकून. टाळूपासून नखापर्यंत निळा, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा निळं. तोंड उघडलं की शब्दाआधी थोडा रंग ओघळत होता. बहीण दारातच थांबली, कारण तक्रार तिची नव्हती.

‘‘हजर आहे, साहेब,’’ लंब्या म्हणाला.

फौजदारांनी कडकपणा ढळू दिला नाही. फरशी कोण पुसणार, असं त्यांनी विचारलं. मग मेलेल्या माणसाची तक्रार घेता येत नाही, असा निकाल दिला.

भिंतीला चिकटलेल्या हवालदाराने अदबीने विचारलं, ‘‘मग हा मेलाय असं लिहू, साहेब?’’

‘‘खबरदार. तो पळून गेलाय.’’

‘‘मग तक्रार लिहून घेऊ?’’

फौजदारांनी टेबलावरची नोंदवही मिटून टाकली. तेव्हा लंब्या टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. ही खुर्ची रोज चहाच्या वेळी फक्त साडूसाठी मांडली जाई. बसल्यावर त्याने गार, ओला हात फौजदारांच्या खांद्यावर ठेवला, जुन्या मित्रासारखा.

तेवढ्यात साडू नेहमीप्रमाणे चहाला आला. पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘‘अरे, झाकणावर दगड ठेवून आलो होतो मी.’’

हवालदाराने तेवढं टिपून घेतलं.

साडूने फौजदारांकडे आशेने पाहिलं. पण साडूपेक्षा जवळचं माणूस त्या क्षणी फौजदारांच्या खांद्याला टेकून बसलेलं होतं. त्यांनी साडूला आत टाकायचा आणि हौद उपसायचा हुकूम एका दमात सोडला. लंब्या उठला. बहीण एवढंच म्हणाली, ‘‘चल आता.’’ ती पुढे आणि तो मागे, असे दोघे कारखान्याच्या दिशेने गेले. हौद रिकामा झाला तेव्हा तो तळाशी, तिने लहानपणी शिकवलं होतं तसा कुशीवर निजलेला सापडला. तिने त्याला घरी नेलं.

आपल्याला पहिल्यापासूनच संशय होता, असं फौजदारांनी गावभर सांगितलं आणि वरून आणखी एक शाबासकी मिळवली. खांद्यावरची पाच निळी बोटं मात्र जाईनात. धोब्याने हात टेकले. नवा गणवेश शिवला, तर त्यावरही संध्याकाळपर्यंत ती उमटली.

पाटी आता काढली आहे. फौजदार हल्ली फाटकापर्यंत सामोरे येऊन तक्रार घेतात. परवा एक म्हातारा आला. त्याची शेळी हरवली होती आणि त्याचा खाटकावर संशय होता. फौजदारांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं आणि निघताना त्याचे दोन्ही हात धरले.

‘‘काका, शोध लावतो. पण शेळीला इकडे पाठवू नका.’’