बसम्माने कापलेल्या पट्ट्या

बसम्माच्या घरात कात्री फक्त बसम्माच्या हातात. सुनेने शिवायचं, कापायचं नाही. सुना कापड नासवतात, असं ती सगळ्या बोळाला ऐकवायची. जुनेराच्या चार बोटं रुंद पट्ट्या ती स्वतः काढायची आणि पाटीत भरून सुनेपुढे, नागव्वापुढे, सरकवायची. मी समोरच्या घरात राहायचे. सगळं दिसायचं, ऐकू यायचं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. बसम्माची लेक शिवम्मा बार्शीला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले, म्हणून नातवंडासाठी वाकळ शिवायला काढली होती. नेमकी तेव्हाच होटगीत नागव्वाची आई अंथरुणाला खिळली.

"अत्याबाई, अव्वाला बघून येते," नागव्वा म्हणाली.

"जा की. मी काय बांधून ठेवलंय? वरचा थर तेवढा जोड आन् जा."

सोलापूरहून होटगी गाडीने अर्ध्या तासावर. पण नागव्वा बिचारी शब्दाची पक्की, आणि सासूलाही तशीच समजणारी. खाली मान घालून पट्टीला पट्टी जोडत बसली. थर संपत आला की बसम्मा दोन ओळी उसवायची, "वाकडा टाका पोराला टोचंल" म्हणायची आणि पाटीत नव्या पट्ट्या टाकायची. नवरा सिद्धप्पा गिरणीतून आला की हे बघायचा. त्याला आईपुढे तोंड होतं ते फक्त जेवायला.

एका दुपारी पाटीतून हिरव्या इरकलीची पट्टी निघाली. मधोमध लाल दोऱ्याचं रफू. लग्नाआधी चुलीची ठिणगी उडून आईचं लुगडं जळालं होतं आणि हिरवा दोरा नव्हता म्हणून नागव्वानेच लाल दोऱ्याने ते भरलं होतं. अव्वाचं ते सणाचं लुगडं. जित्या बाईचं नेसतं लुगडं वाकळेला कुणी कापत नाही. आमच्याकडे आई गेली की तिचं चांगलं लुगडं लेकीच्या घरी येतं.

बसम्माने ते ट्रंकेच्या तळाशी दडपलं असतं तर चाललं असतं. पण धड कापड नुसतं पडून राहिलेलं त्या बाईला बघवेना.

"अत्याबाई, अव्वा कवा गेली?"

बसम्मा ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "गेल्या आमावशेच्या आदी."

"मला कुणीच सांगाय आलं न्हाय?"

"तुजा भाऊ आला हुता की, ती जित्ती असताना. तू धुणं घिऊन गेल्तीस. म्हनलं, नागी बार्शीला गेलीया, शिवम्माजवळ. मागनं लुगडं घिऊन आला, तवाबी त्येच सांगितलं. सोडलं असतं तर थर तसाच पडला असता. आता जाऊन काय करशील? थोडंच राह्यलंय, जोड."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ही बाई पुढे नातवंडांच्या गराड्यात सुखाने म्हातारी झाली, कधी साधा पायही मुरगळला नाही.

नागव्वा सुई पट्टीत तशीच टोचून उठली आणि नेसत्या लुगड्यानिशी स्टेशनावर गेली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं.

भाऊ शिवप्पा दारातच बसला होता. तिला बघून उठलाही नाही.

"सवड झाली व्हय?"

"शिवप्पा, मी बार्शीला गेलेच न्हवते. सोलापुरातच हुते. मला कुणी सांगितलंच न्हाय."

शिवप्पा उठून उभा राहिला. त्याला खरं वाटलं, हे तिला दिसलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अव्वा दाराकडंच बघत पडायची," तो म्हणाला. "नागी आली का, नागी आली का. मी सोलापूरहून परत आलो आन् सांगितलं, ती नणंदेकडं गेलीया. मग तिनं तुजं नावच घ्यायचं सोडलं."

"काय म्हनली?"

"जाऊ दे की."

"सांग."

"मातीला आली तर तिला मूठभर माती टाकू द्यू नका, म्हनली."