भिजवलेले वाटाणे

आमच्या गावात मागणी घालायला आलेल्या माणसाला तोंडाने नकार देत नाहीत. त्याच्यापुढे काळं सार ठेवतात. बदकाच्या रक्ताचं, आंबट शिरक्याचं, सुक्या आलुबुखाराचं. त्याने ते बघायचं, चमचा खाली ठेवायचा आणि सोबत आणलेली व्होडकाची बाटली न उघडता परत न्यायची. भांडण नाही, तमाशा नाही. माझ्या बापाला हा रिवाज फार सोयीचा वाटायचा, कारण त्याला माणसांशी बोलणं जमत नसे. घोड्याशी तो तासन्‌तास बोलायचा.

ब्रुनॉन त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या कोठाराचं छप्पर शाकारायला आला. उत्तरेचा, समुद्राकडचा माणूस. जमीन नाही, घर नाही. एक विळा, बोरू ठोकून बसवायची लाकडी थापी आणि पाठीवर पिशवी. मी एकोणीस वर्षांची होते. तळ्याकाठी बोरूच्या पेंढ्या बांधताना त्याला लव्हाळ्यात कुणाच्या तरी बदकीने टाकलेली तीन अंडी सापडली. ती त्याने टोपीत घालून आणली.

"घे. तळून खा, नाहीतर उबव."

"खुडूक कोंबडी एकच आहे आमच्याकडे, आणि ती जवळ गेलं की टोचते."

"मग तुझ्यासारखीच झाली की. जमेल तुमचं."

बदकी तळ्यावरून ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. कोंबडी कोरडीच बसते. म्हणून कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली की त्यांच्यावर कोमट पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. मी रोज शिंपडलं आणि रोज हातावर टोचून घेतलं. अठ्ठाविसाव्या दिवशी एक अंडं फुटलं. बाकीची दोन नासली होती. कोंबडीने पिल्लाच्या चोचीकडे एकदा मान वाकडी करून बघितलं आणि ती दाणे टिपायला निघून गेली. ती परत काही आली नाही. मग पिल्लाने मलाच आई मानलं.

एकटं पिल्लू फार रडतं. ते माझ्या एप्रनच्या खिशात झोपायचं. उकडलेलं अंडं, चक्का आणि कुंपणाकडेचा हात भाजणारा पाला, उकळत्या पाण्यातून काढून बारीक चिरलेला, हे त्याचं खाणं. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, पण पिल्लू बुडेल इतकं नको. मी भांड्यात दगड ठेवले. पोहायला मात्र लगेच सोडायचं नाही. आईच्या पिसांचं तेल न लागलेलं पिल्लू पाण्यात भिजतं आणि गारठतं. रोज थोडं थोडं परातीत सोडायचं, मग फडक्यात गुंडाळून चुलीजवळ धरायचं. सहा आठवड्यांनी ते स्वतःच शेपटीजवळच्या गाठीतलं तेल चोचीने पिसांना लावू लागलं, तेव्हा मला मुलगी न्हाती झाल्यासारखा आनंद झाला.

ती पांढरी झाली, डोक्यावर एक काळा ठिपका. म्हणून तिचं नाव क्रोप्का. ठिपकी. डाव्या पायाचा पडदा खिळ्याला लागून फाटला होता, तो तसाच दुभंगून भरला. "ताश, ताश, ताश," म्हटलं की अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून डुलत धावत यायची. आमच्याकडे आणखी आठ बदकं होती. तीही याच हाकेला यायची, पण दाणे दिसल्याशिवाय हाताजवळ येत नसत. ही नुसत्या हाकेला यायची आणि पायावर बसायची.

ब्रुनॉन शिडीवर असला की ती शिडीखाली बसून ओरडायची.

"आल्या मुकादमीणबाई," तो वरून म्हणायचा. "काम दाखवतो हं, पगार कापू नका."

छप्पर झालं. तो पलीकडच्या गावांत कामाला गेला, पण रविवारी यायचा. रुमालात सुके वाटाणे बांधून आणायचा, क्रोप्कासाठी. सुके वाटाणे बदकाच्या पोटात फुगतात, म्हणून मी ते रात्रभर भिजवून ठेवायची. एका रविवारी तो म्हणाला, "पाहुणा आला की माझी आई काळं सार करते. गोडधोड विसर, त्याच्यापुढे सगळं फिकं." मी हसले. आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो हे मी त्याला सांगितलं नाही. मागणीची गोष्ट मुलीने कशी काढायची, अशी लाज वाटली.

त्याच रविवारी तो असंही म्हणाला, "तुझ्या बापाने नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरच्या होडीवर ये. मी थांबेन."

"आणि क्रोप्का?"

"ती आधी चढेल होडीत, मग तू."

ऑक्टोबरात इग्नात्सी काका येऊन गुरुवारी ब्रुनॉनची मागणी घेऊन येतो म्हणून सांगून गेले. ते तळ्यावर होडी चालवायचे आणि गावातली लग्नंही जुळवायचे. ते गेल्यावर बाप आईला म्हणाला, "गुरुवारी काळं सार कर."

"अहो, पोरीला विचारा तरी."

"काय विचारायचं? दुसऱ्याच्या छपरावर संसार मांडणार का ती?"

मी दाराआडून ऐकलं. नकाराची मला भीती नव्हती. होडी होती. माझं गाठोडं बांधून तयार होतं, आणि क्रोप्कासाठी झाकणाची टोपली.

गुरुवारी सकाळी आईने माझ्या हातात वाडगा दिला. तळाशी शिरका आणि लाकडी चमचा. हे काम लहानपणापासून माझं. रक्त शिरक्यात पडतं तेव्हा न थांबता ढवळावं लागतं. हात थांबला की गुठळ्या होतात आणि सगळं फेकून द्यावं लागतं. गावात सगळे माझं नाव घेऊन म्हणायचे, पेलाच्या हाताला गुठळी होत नाही.

मी गोठ्यामागे गेले. बाप माझ्याच हाकेने हाक मारत होता. "ताश, ताश, ताश." त्याच्या हातात दाणे नव्हते. आठ बदकं लांब उभी राहिली. एक आली.

त्याने तिला उचलून काखेत धरलं तेव्हा ती माझ्याकडे बघून ओरडली, रोजच्यासारखी.

"बाबा, ती नको. दुसरं कुठलंही घ्या."

"दुसरी माझी आहेत. ही त्याची आहे. ज्याचं त्याला जाऊ दे."

"बाबा!"

"वाडगा धर."

मी तिला हिसकावून घ्यायला हवं होतं. वाडगा टाकायला हवा होता. मी काय केलं? मी वाडगा धरला. त्या फाटलेल्या पायाकडे बघत राहिले. पाय हलत होता. रक्त पडलं तशी आई मागून ओरडली, "ढवळ गं, ढवळ! गोठतंय!" आणि माझा हात फिरू लागला. एवढंच सांगता येतं मला. हात फिरू लागला आणि पाय थांबल्यावरही फिरतच राहिला. थांबवला असता तर सार झालं नसतं.

दुपारी ब्रुनॉन धुतलेला सदरा घालून आला. इग्नात्सी काकांनी बाटली टेबलावर ठेवली आणि ठरलेलं बोलणं सुरू केलं.

"वालेन्ती, तुझ्याकडे एक गुणाची कालवड आहे असं ऐकलं. गिऱ्हाईक आणलंय."

"बसा," बाप म्हणाला.

मी ताटल्या आणून ठेवल्या. काकांनी चमचा उचलला होता. ताटलीत बघून तो त्यांनी हळूच खाली ठेवला आणि ते एकदम म्हातारे दिसू लागले. ब्रुनॉनचा चेहरा मात्र उजळला.

"काळं सार! काकू, माझ्या आईने निरोप धाडला होता का तुम्हाला?"

तो खाऊ लागला. सारातल्या शेवयांसकट, मनापासून. काकांनी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"पाय काय मारताय काका? तुम्हाला नको असेल तर सरकवा इकडे. आणि खरं सांगू, एकसुद्धा गुठळी नाही! माझ्या आईला जन्मात असं जमलं नाही. कुणी ढवळलं?"

"आमच्या पेलाने," आई सवयीने बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मी अजून विसरले नाही. मग त्याने ताटली पावाच्या तुकड्याने पुसून घेतली, खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली. वाटाणे.

"मुकादमीणबाई कुठे आहेत? एरवी फाटकापासून आरडाओरडा. आज रुसल्या का?"

तो उठून खिडकीशी गेला. अंगणात बदकं होती. तो बराच वेळ बघत राहिला. एक काळा ठिपका शोधत असावा.

"पेला, क्रोप्का कुठे आहे?"

बाप बोलला. त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं तेच.

"तुझं होतं ते तुला परत दिलं. आता आपला काही संबंध नाही."

काकांनी बाटली कोटात घातली. "चल पोरा. आमच्याकडे या साराचा अर्थ वेगळा असतो. चूक माझी, मी सांगायला हवं होतं. चल."

ब्रुनॉनने ते ऐकलंच नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता. नखांच्या कडांना तपकिरी रंग राहिला होता.

"तू ढवळलंस?"

"हो."

तो बाहेर गेला. फाटकाच्या खांबाला धरून त्याने सगळं ओकून टाकलं. काका त्याच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. मग दोघे तळ्याच्या वाटेने गेले.

संध्याकाळी मी टेबल आवरलं. रुमालातले वाटाणे वाडग्यात घातले, वर पाणी ओतलं आणि वाडगा चुलीशेजारी ठेवला. का ठेवला ते तेव्हा कळलं नाही. हाताची सवय.

सकाळी मी गाठोडं घेऊन होडीवर गेले. काका दोर गुंडाळत होते.

"गेला गं तो. अंधारातच पलीकडे सोडलं त्याला."

"काही म्हणाला?"

काकांनी दोर पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. "मी म्हटलं, थांब, पोरगी येईल. तर म्हणाला, बापाचं सोडा हो काका. पण ती रोज माझ्यापुढे ताट वाढणार, आणि मी रोज तिचा हात बघणार."

मी घरी आले. वाटाणे फुगून वाडग्याच्या काठापर्यंत आले होते. मी ते अंगणात ओतले. आठ बदकांनी क्षणात संपवले.

पुढे बापाचं कोठार त्या छपराने वीस वर्षं सांभाळलं, एकदाही गळलं नाही. माझं लग्न झालं, बरा माणूस मिळाला. बदकं मी आजही पाळते. पिल्लांना चक्का देते, पाला चिरते, पाण्यात दगड ठेवते, थंडीत फडक्यात गुंडाळते. पण ती मोठी झाली की एक काम न चुकता करते. "ताश, ताश, ताश," अशी हाक मारते, आणि जे पिल्लू धावत येतं त्याच्या तोंडावर जोरात टाळी वाजवते. ते घाबरून मागे पळतं. पुन्हा हाक मारते. पुन्हा टाळी. हाक ऐकली की पाय लावून पळालं पाहिजे, इतकं शिकवेपर्यंत मी थांबत नाही. शेजारीण म्हणते, पेलाबाई, एवढ्या मायेने वाढवता आणि मग असं काय करता? एखादं तरी माणसाळू द्या.

गेल्या वर्षी एक पिल्लू फार हट्टी निघालं. नऊ वेळा टाळी वाजवली. दहाव्यांदाही ते आलं आणि माझ्या पायावर बसलं.