पांढऱ्या फडक्यावरचं तेल

भिकन मिस्त्रीने तेल तपासायची डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं नाकाशी नेलं.

"काय म्हणतोय गिअरबॉक्स?" लताबाईंनी विचारलं.

लताबाई कीर्तनकार. डावा गुडघा कामातून गेल्यापासून क्लच दाबणं सुटलं होतं. ही जुनी बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी होती म्हणून तर त्या अजून गावोगाव कीर्तनाला उभ्या राहत. आज देवळ्याला जायचं होतं.

फडक्यावरचा डाग धड लाल नव्हता, धड काळाही नव्हता. अशा वेळी निकाल नाकाने द्यायचा. तेल जळलं असेल तर करपट वास येतो, मग गाडी जागची हलवायची नाही. भिकनच्या नाकावर अख्ख्या अंबडचा भरवसा. त्या नाकाला दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून कसलाच वास येत नव्हता, हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

जोडीदार सोमनाथ तिथेच पाने-पकडी पुसत होता. 'जरा हुंगून बघ रे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"चालंल, आई," भिकन म्हणाला. "देवळ्याहून आल्यावर बदलू ऑइल."

"तुम्ही म्हणताय ना? मग बिनघोर जाते."

चांदवडच्या पुढे घाटात गाडीने दम सोडला. इंजिन गुरगुरत राहिलं, चाकं फिरेनात. देवळ्याच्या मंडपात टाळकरी ताटकळले आणि पांगले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली; मागोमाग लताबाईही आल्या. सोमनाथने गिअरबॉक्सचं खालचं झाकण उघडलं आणि नाकाला बाही लावली.

"अरारा! दादा, दुकानभर वास सुटलाय. हे काय एका दिवसात जळलेलं नाय. तुला कसा नाय आला?"

आतल्या प्लेटांचा कोळसा झाला होता. या गाडीचा दुसरा गिअरबॉक्स आता कुठे मिळत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"मला वासच येत नाय, आई," भिकन खाली बघत म्हणाला. "दोन वर्षं झाली."

लताबाई बाकड्यावर टेकल्या.

"दर एकादशीला मी तुम्हाला बुक्का लावते. त्याचाही नाही?"

"नाय."

"आणि म्हणायचात, आई, काय घमघमतोय!"

भिकन फडक्याला पीळ देत राहिला. "रागवा तरी, आई."

"रागावून काय, दादा? आता रिक्षा जाईल तेवढीच देवळं माझी."

त्यांनी पिशवीतून डबी काढली. गुडघ्यावर हात रेटून उठल्या, चिमूट घेतली आणि त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

भिकनने सवयीने खोल श्वास घेतला.