काडीचं रक्त

यार्डातल्या फलकावर कागद लागला, तो क्रेनवाल्याने तीनदा वाचला. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी गुरुवारी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात यावं. वजन, कंबरेचं माप, रक्तातली चरबी, साखर आणि लिव्हरचे एक-दोन आकडे बघणार. त्यावरून कुणाच्या लिव्हरवर चरबी साठली असेल ते हेरायचं आणि त्याला पुढच्या तपासणीला पाठवायचं. सगळा खर्च कंपनीचा.

"खर्च कंपनीचा," तो पुटपुटला. "म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी."

त्याचा संशय अगदीच हवेतला नव्हता. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांची तपासणी अशीच फुकटात झाली होती, आणि महिन्याभरात शेजारच्या क्रेनवरचा जुना गडी खाली उतरून खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसला होता. इथे तर क्रेनवाल्याचं पोट केबिनमध्ये आधी शिरायचं आणि मागून तो. बावीस वर्षं लोखंडाच्या तुळया त्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर हलत होत्या. त्याला चिकटपट्ट्या लावायच्या नव्हत्या.

त्याचा मेहुणा त्याच्याच घरी राहायचा आणि त्याच यार्डात दुसऱ्या पाळीला स्टोअर सांभाळायचा. सगळे त्याला काडी म्हणायचे. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी. वय अडतीस, त्यामुळे यादीत नाव नाही. बुधवारी संध्याकाळी क्रेनवाल्याने त्याला जिन्यात गाठलं.

"उद्या माझी तपासणीची चिठ्ठी घेऊन तू जा."

"मी? भाऊजी, पकडलो तर?"

"माणसं बाहेरून येणार आहेत. त्यांना काय ठाऊक मी कोण नि तू कोण? चिठ्ठीवर नुसता नंबर आहे. तुझं रक्त म्हणजे झऱ्याचं पाणी. कंपनीला काय खोट काढायचीय ती काढू दे."

"ताईला विचारलंत?"

"तिच्या कानावर गेलं तर तुझी धडगत नाही आणि माझीही."

ताईने काडीला लहानाचं मोठं केलं होतं आणि भाऊजींनी नोकरीला लावलं होतं. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. गुरुवारी तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. कंबर मोजून घेतली, दंड पुढे केला आणि दहा मिनिटांत बाहेर आला.

बारा दिवसांनी क्रेनवाल्याच्या नंबरवर बंद पाकीट आलं. रक्तातली चरबी दुपटीच्या वर, उपाशीपोटीची साखर चढलेली, लिव्हरचे आकडे लाल अक्षरांत. खाली लिहिलं होतं, लवकरात लवकर डॉक्टरांना भेटा.

त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आकडे आधीच ठरलेले होते. रक्त कुणाचंही असो, क्रेनवाल्याला खाली ओढायचं हे पक्कं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आणखी दोघांची पाकिटं मागून बघितली. एकाचं सगळं ठीक होतं. दुसरा, वेल्डर, त्याच्याइतकाच ढेरपोट्या. त्यालाही बोलावणं होतं. ठरवून करायचं तर वेल्डरला कशाला गोवतील? वेल्डरची जागा घ्यायला कुणी तयारच नव्हतं.

मग संशयाची सुई काडीकडे वळली.

"खरं सांग, सकाळी काही खाल्लं होतंस?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही."

"मग घेतोस का चोरून?"

काडीचा चेहरा उतरला. "भाऊजी, तुम्ही पण? आयुष्यात शिवलो नाही दारूला. स्टोअरमध्ये बसल्या बसल्या कोल्ड्रिंकच्या तीन-चार बाटल्या होतात, बाकी काही नाही." मग त्याने कागद हातात घेतला. बराच वेळ वाचला. "म्हणजे हे माझं आहे?"

इतका वेळ ही गोष्ट क्रेनवाल्याच्या डोक्यात शिरलीच नव्हती.

"राहू द्या," काडी कागदाची घडी घालत म्हणाला. "सांगायला गेलात तर दोघांच्या नोकऱ्या जातील. मला कुठे काय होतंय?"

पण क्रेनवाल्याला चैन पडेना. त्यातच ते पाकीट बायकोच्या हाती लागलं. तिने नवऱ्याच्या चहातली साखर बंद केली आणि वाटीभर भाजी जास्त वाढायला लागली. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघू?" असं म्हणून तिने डोळ्याला पदर लावला, तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं. रडायचं तर भावासाठी होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांसमोर जाऊन बसला. डॉक्टरबाईंनी कागद बघितला, मग त्याचं पोट बघितलं.

"कंबर अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर? तुमची?"

"हो."

त्यांनी टेप काढली. "एकशे नऊ. दोन आठवड्यांत एकतीस सेंटीमीटर! काय खाता हो तुम्ही?"

त्याला हसू आलं नाही. "आधी मला सांगा, हे कागद मॅनेजरकडे जातात ना?"

"किती जणांना पुढे पाठवलं, तेवढा आकडा जातो. नावं जात नाहीत."

"डोळ्यांच्या वेळीही असंच म्हणाले होते."

"ती तपासणी मी केली नव्हती. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा." त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "पण हे रक्त ज्याचं आहे, तो आत्ता कुठे आहे? बारीक माणसाचे असे आकडे आले, की मला जास्त काळजी वाटते. त्याच्याकडे बघून कुणाला शंका येत नाही. त्याला स्वतःलाही."

विश्वास त्याचा तेव्हाही बसला नव्हता. तरीही त्याने नाव सांगितलं, नातं सांगितलं आणि चोरी कबूल केली.

त्या आठवड्यात दोघांचीही तपासणी झाली. क्रेनवाल्याच्या लिव्हरवर चरबी होती, पण लिव्हर अजून मऊ होतं. काडीचं मात्र कडक व्हायला लागलं होतं आणि मधुमेहही निघाला. "आणखी पाच वर्षांनी आला असता, तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी सगळं सांगितल्यावर बायको आधी भावाच्या गळ्यात पडून रडली आणि मग नवऱ्याकडे वळली. "सुईला भ्यायलात आणि माझ्या भावाचा दंड पुढे केलात?"

"सुईला नाही गं, मॅनेजरला—"

"एकच ते!"

नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी पहाटे तिने दोघांनाही हाक मारून उठवलं, चालायला पिटाळलं आणि काडीच्या बाटल्या मोरीत ओतल्या.

सहा महिन्यांनी काडीचे आकडे निम्म्यावर आले. क्रेनवाल्याची कंबर आठ सेंटीमीटरने उतरली. मॅनेजरने त्याला क्रेनवरून काढलं नाही. अजून तरी नाही, असं तो म्हणतो. एके सकाळी मॅनेजरने जिन्याशी थांबून "तब्येत काय म्हणते?" असं नुसतं विचारलं, तर हा दिवसभर केबिनमध्ये बसून त्याचा अर्थ लावत होता.