हन्नाबाईचं पुण्यानुमोदन

गेलेल्या बाईसाठी लावलेली मेणबत्ती कोणी फुंकून विझवतं का? अतुलनं विझवली. विहारात, भर दुपारी, सगळ्या बायांसमोर. हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून माझ्याच चुलीवर वाढला, आता भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. इकडे कारध्यात आला की जो तो त्याला सर म्हणतो. मी नाही म्हणत.

गेलेली बाई अमेरिकेची होती आणि पुस्तकातली होती, हे मला ठाऊक आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला समजवायला कोणी येऊ नये.

आमच्या विहारात वर्षावास लागला की रोज ग्रंथवाचन असतं. आषाढी पौर्णिमेपासून पुढे तीन महिने. बाया पांढरं लुगडं नेसून येतात, त्रिशरण पंचशील होतं, एक जण आसनावर बसून वाचते, बाकीच्या ऐकतात. वाचून झालं की साधु, साधु, साधु म्हणायचं. मी दुसरी पास. मला अक्षर लावत लावत वाचता येतं, पण ऐकायला बसले तर एक शब्द सांडू देत नाही.

या वर्षी अतुल आला आणि म्हणाला, "आत्या, रविवारचं वाचन माह्याकडं द्या. दोन कादंबऱ्या वाचून दाखवतो. एक अमेरिकेची, एक आपल्या देशाची. दोन्ही नावाजलेल्या. दोन्हीत नदी आहे, मोठं घर आहे, अन् त्या घरात राबणारे आहेत."

"राबणारे आमाले दाखवाले अमेरिकेत कायले न्यून राहिला?" मी विचारलं. पण मनातून मला बरं वाटलं. पोरगा शिकलेलं घेऊन घरी आला होता.

एका रविवारी अमेरिका, एका रविवारी आपला देश, असं सुरू झालं. इंग्रजी पुस्तक समोर धरून तो मराठीत सांगायचा. सांगतो छान, खोटं कशाला बोलू. अमेरिकेच्या गोष्टीत कापसाचं रान होतं, वैनगंगेपेक्षा मोठी नदी होती आणि पांढऱ्या खांबांचं घर होतं. त्या घरात हन्ना नावाची काळी बाई स्वयंपाक करायची. मालकानं विकत घेतलेली. मालकिणीची लेकरं तिनं अंगावर पाजली आणि तिची स्वतःची नेटी, एवढीशी पोर, मालकानं दूर गावी विकून टाकली. आपल्या देशाच्या गोष्टीत जमीनदाराची विहीर होती. एक बाई घागर घेऊन त्या विहिरीपासून लांब उभी. कोणी ओतलं तर पाणी, नाही तर उभीच. तिला तर लेखकानं नावही दिलं नव्हतं.

आमच्या बाया ग्रंथ ऐकायच्या सवयीच्या. आपल्या देशाच्या पहिल्याच रविवारी जमीनदारानं गड्याला चाबकानं मारलं, तिथे अतुल थांबला आणि सगळ्या हात जोडून म्हणाल्या, "साधु, साधु, साधु!"

"अवो, इथं साधु नाही म्हणायचं!" अतुल कपाळाला हात लावून बसला.

"मंग काय म्हणाव?" शकुनबाईनं विचारलं. अतुलनं नुसतं पान उलटलं, म्हणून पुढच्या रविवारीही आम्ही साधुच म्हटलं.

रत्नमाला तर भरल्या विहारात बोलली, "सर, एवढी पानं उलटवली तुमी, पण त्या बाईच्या घागरीत अजून पाणी काही पडलं नाही. उतरत काहून नाही ते विहिरीत? कासरा सोडाव अन् घ्याव."

"ताई, ती उतरली तर कादंबरीच संपते."

"संपू द्या ना मंग! पाणी मोठं का कादंबरी मोठी?"

अतुल हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

मग हन्ना मेली. चुलीपाशीच मेली. मालकिणीनं जेवण उशिरा झालं म्हणून कुरकुर केली. तिला कुंपणाच्या बाहेर पुरलं आणि ज्यांना तिनं पाजलं त्यांच्यापैकी एकही मातीला गेला नाही. अतुलनं पुस्तक मिटलं. त्या दिवशी साधु कोणी म्हटलं नाही. बाया उठेनात.

शकुनबाई डोळे पुसत मला म्हणाली, "धुरपताबाई, तिचं पुण्यानुमोदन कोण करन?"

आमच्यात माणूस गेलं की हे करतातच. फोटोला पांढरी फुलं, मेणबत्ती, वंदना, मग जो तो उभा राहून गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतो, आणि जेवण. जिचं कोणी नाही तिचं वस्तीनं करायचं, ही आमची रीत. शकुनबाईला वाटत होतं की हन्ना खरोखरच या आठवड्यात गेली. मला तसं वाटत नव्हतं. पण त्या घरानं केलं नाही, लिहिणाऱ्यानं केलं नाही, मग आम्ही करायला कोणाची मनाई आहे? मी म्हटलं, "पुढच्या अमेरिकेच्या रविवारी. खीर माह्याकडची."

फोटो कुठून आणणार? माझी नात हर्षा इंग्रजीत एम. ए. करते. तिनं पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'हन्नाबाई' लिहिलं. कागदासमोर मी माझा सराटा ठेवला, भाजी परतायचा, पोळी उलटवायचा. रांधणारी बाई होती, तिला दुसरं काय ठेवणार? बाया एकेक उठून बोलल्या. गोदावरीबाई म्हणाली, हन्नाबाईनं कधी कोणाला उपाशी उठू दिलं नाही. रत्नमाला म्हणाली, नेटी जिथे असेल तिथे सुखी असो.

तेवढ्यात अतुल दारात आला. सोबत त्याच्या विभागाच्या मोठ्या मॅडम आणि दोन तरुण प्रोफेसर. गावातल्या बाया कादंबरी कशी ऐकतात ते दाखवायला आणलं होतं त्यानं. मॅडम त्या कागदाकडे आणि सराट्याकडे बघत राहिल्या. एक प्रोफेसर तोंडावर रुमाल धरून हसला आणि दुसऱ्यानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

अतुलचा चेहरा पडला. तो तरातरा पुढे आला. "आत्या, हे काय लावलं तुमी? ते पात्र आहे! कादंबरीतलं पात्र! ते जन्मलीच नाही तर मरन कशी?" असं म्हणून खाली वाकला आणि फुंकर मारली. हर्षानं लिहिलेला कागद उचलला, विहारातच ठेवलेलं ते पुस्तक आसनावरून उचललं. "बंद करतो मी. तुमाले कादंबरी झेपत नाही. ग्रंथच वाचा."

खीर तेवढा वेळ तशीच राहिली. पाहुणे गेल्यावर आम्ही मेणबत्ती परत लावली, उरलेल्या बाया बोलल्या, मग जेवलो.

पण पुस्तक गेलं होतं. त्यानं विहार समितीच्या ताराचंदलाही सांगून ठेवलं की इथे कादंबरी नको. ताराचंद माझ्याकडे आला. "सरच नाही म्हणून राहिले, तर राहू द्या ना बाई."

"ह्या विहाराच्या इटा बायांनी डोक्यावर वाहिल्या ताराचंद. तवा कोणत्या सरले विचारलं होतं तुमी?"

तो गेला. हर्षा म्हणाली, "आजी, मोबाईलवर भेटते ते पुस्तक. मी घरीच वाचून दाखवते तुले."

"घरी लपून कायले? चोरी केली का आपण? विहारात सुरू झालं, विहारातच पुरं होईन. अन् त्याच्या देखत होईन."

मला झोपताना, उठताना एकच लागून राहिलं होतं. नेटीचं काय झालं? तिला कळलं का आई गेल्याचं? गोष्टीची पानं उरलेली आणि ती पानं एका माणसाच्या बगलेत. तो देईल तेव्हा आम्ही ऐकायचं, नाही दिलं तर नाही. विहिरीवर असं आमच्या आईच्या काळी होतं. माझ्या काळी मी होऊ देणार नव्हते.

दोन रविवार रिकामे गेले. मग अतुलच घरी आला. पुस्तक हातात, आवाजात गूळ.

"आत्या, रागावली का?"

"बस. चहा घे."

"मॅडमले ते बहुत आवडलं आत्या. कॉलेजात चर्चासत्र आहे. तुमी बायांनी तिथं येऊन तसंच करून दाखवा ना. सराटा, खीर, समदं. मी त्याच्यावर निबंध वाचून राहिलो."

"निबंधात आमाले काय म्हटलं?"

तो जरा चाचरला. "भोळे वाचक. म्हणजे चांगल्याच अर्थानं आहे ते."

हर्षा आतून बाहेर येत होती, तिला मी हातानंच थांबवलं. "अतुल, नेटी येते का पुढं?"

"नाही आत्या. पुढं नेटीचं नावच नाही. मालकाच्या पोराची गोष्ट आहे समदी. म्हणून तर म्हणतो, तुमाले त्याच्यात काही नाही."

"जे मागायचं ते रविवारी विहारात येऊन माग. बायांचं काम आहे, बायांसमोर बोल. पुस्तक घेऊन ये."

रविवारी तो आला. ताराचंदही मागे येऊन उभा राहिला. त्रिशरण पंचशील झालं आणि अतुल सवयीनं आसनाकडे निघाला. मी मधे उभी राहिले.

"तिथं नाही अतुल. पुस्तक दे इकडं." त्यानं दिलं. मी ते हर्षाच्या हातात ठेवलं आणि तिला आसनावर बसवलं. मग त्याच्याकडे वळले. आवाज मुद्दाम मोठा ठेवला, म्हणजे ताराचंदला पुन्हा सांगायला लागू नये.

"आता आयक. पाहुणे हसले तवा तुले आमची लाज वाटली. मॅडमले आवडलं तवा तुले आमचा निबंध कराव वाटला. आमी दोन्ही दिवशी त्याच बाया होतो, बदलला तू. कॉलेजात आमी येत नाही. मातीले जाणं पुन्हा करून दाखवत नसतात. तुह्या मॅडमले पाहायचं असन तर इथं याव, चपला बाहेर काढाव अन् हन्नाबाईसाठी दोन शब्द बोलाव. आमाले भोळं म्हण, नाही तर आणखी काही म्हण, पण त्या मोठ्या घरातून जे मातीले गेले नाही, त्यांच्यासारखा वागला तू, अन् तुले तर मीच वाढवलं. नेटी पुढं येत नाही म्हणतं ना? मंग तर आमाले एकेक पान आयकाच लागन, का तिच्या मायच्या घरात कोणी एकानं तरी तिचं नाव काढलं का नाही. तुले वाचाले दिलं तं तू मधलं सोडून देशीन. म्हणून उरलेला वर्षावास हर्षा वाचून दाखवन, अन् तू दर रविवारी येशीन, खाली बसशीन, अन् आयकशीन. विचारायचं असन तं हात वर करजो. बस तिथं, शकुनबाईच्या बाजूले."