आठ मिलिमीटर

"आठ," डॉक्टर म्हणाले आणि ताईंचं पेन थबकलं.

तीस वर्षं ताई या दवाखान्यात खुर्चीशेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी बारीक सळईने हिरडी आणि दातामधली फट मोजायची, ताईंनी आकडा तक्त्यावर उतरवायचा. तीनपर्यंत ठीक, पाचाला काळजी, आठ म्हणजे दाताखालचं हाड जवळजवळ संपलंच. असे आकडे त्यांनी परक्यांचे ढिगाने लिहिले होते. आज खुर्चीत त्यांचे यजमान होते, बसडेपोतले मेकॅनिक.

"आठच, ताई." डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. ताईंनी लिहिलं.

काळजीपेक्षाही जास्त लाज वाटली. अख्ख्या गल्लीला ब्रश धरायला शिकवणारी बाई, आणि तिच्याच घरात हे! यजमान वर्षभर एकाच बाजूने चावत होते, पाव चहात बुडवून गिळत होते. दिसत सगळं होतं, पण बघितलं कुणी?

रक्त येतं तिथे ब्रश फिरवता ना, असं डॉक्टरांनी विचारलं. जखमेला विश्रांती नको का, म्हणून तिथलं घासणं आपण केव्हाच सोडलंय, असं यजमानांनी भाबडेपणाने सांगून टाकलं. डॉक्टरांनी समजावलं: दातांवर किटण साचतं म्हणून तर रक्त येतं, तिथेच हलक्या हाताने रोज घासायचं असतं.

"मला का नाही सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"तुझ्याच दवाखान्यात तुझी नाचक्की झाली असती."

"मग झाली असती! दात गेल्यावर माझी अब्रू काय चावायला घेणार होतात?"

डॉक्टर हसले. आठ भरलेला तो खालचा, बाजूचा दात काढावा लागेल. बाकीच्यांची खोल सफाई करू, घरी नीट निगा राखलीत तर ते टिकतील, असं त्यांनी सांगितलं. ताईंचा जीव भांड्यात पडला. एकावर निभावलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ आपण स्वतः समोर उभं राहून घासून घ्यायचं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ढिला नट आहे, आवळून का बसवत नाही, अशी यजमानांनी थट्टाही करून पाहिली. पण इंजेक्शन दिल्यावर इंजिनं उचलणारा हा माणूस लहान मुलासारखा ताईंकडे बघू लागला.

"थांबशील ना गं इथे?"

"जातेय कुठे मी?"

डॉक्टरांनी सवयीने हात पुढे केला. पक्कड त्यांच्या तळहातावर नेहमी ताईच ठेवत. हात थोडा वेळ रिकामाच राहिला, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. ताईंचे दोन्ही हात यजमानांनी घट्ट धरून ठेवले होते.

वाकून डॉक्टरांनी ट्रेमधली पक्कड स्वतःच उचलली.